हीम, रक्त आणि कॅन्सर: सीमाभागातल्या रुग्णांचे आणि घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडे कॅन्सरची फाइल हातात आली की घरात पहिली चर्चा ‘एचबी’ची, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनची, होते. नंतर कावीळ, मटण, बीट, ‘लाइट’ असे विषय निघतात. हे सगळे धागे हीम नावाच्या एकाच रेणूपाशी येऊन मिळतात.

हीम म्हणजे काय?

नाव ऐकून बर्फ आठवतो, पण बर्फाशी त्याचा काही संबंध नाही. पॉर्फिरीन नावाच्या सपाट कड्याच्या मधोमध लोहाचा एक अणू बसवला की हीम होतं. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत अशी चार हीम असतात आणि ऑक्सिजन त्या लोहालाच चिकटतो. स्नायूंचा लाल रंग, पेशीतली श्वसनसाखळी, औषधांवर प्रक्रिया करणारी लिव्हरमधली सायटोक्रोम पी-४५० एंझाइम (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं), हे सगळं हीमवरच चालतं.

शरीर हीम आठ पायऱ्यांत बनवतं. पहिली पायरी मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, होते. तिथे ग्लायसीन आणि सक्सिनिल-कोए जोडून अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल, म्हणजे एएलए, तयार होतं. पुढच्या चार पायऱ्या बाहेर पेशीद्रवात होतात आणि शेवटच्या तीन परत मायटोकॉन्ड्रियात. सर्वांत शेवटी फेरोकिलाटेज नावाचं एंझाइम कड्यात लोह बसवतं. या एंझाइमचं नाव लक्षात ठेवा, खाली त्याचं मोठं काम आहे.

आणि ते मोडतं कसं?

तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. मग प्लीहा आणि लिव्हरमधल्या भक्षक पेशी तिला गिळतात आणि हीम ऑक्सिजनेज हे एंझाइम हीमचं कडं तोडतं. त्यातून लोह, थोडा कार्बन मोनॉक्साइड आणि हिरवं बिलिव्हर्डिन निघतं. बिलिव्हर्डिनचं पुढे पिवळं बिलिरुबिन होतं; रक्तात ते वाढलं की कावीळ दिसते. मुका मार लागलेली जागा आधी काळी-निळी दिसते, मग हिरवट होते, शेवटी पिवळी पडते. हीम मोडण्याचा तो क्रम कातडीवर उघड दिसतो.

सुटलेलं लोह फुकट जात नाही. रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह असं जुन्या पेशींतून परत वापरात येतं. जेवणातून शोषलं जातं ते जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम. पुढची बरीच उत्तरं या दोन आकड्यांवर उभी आहेत.

कॅन्सरच्या पेशीला हीमचा काय उपयोग?

वेगाने वाढणाऱ्या पेशीला ऊर्जा लागते आणि श्वसनसाखळी हीमशिवाय चालत नाही. फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये पेशी स्वतः जास्त हीम बनवतात आणि बाहेरूनही ओढून घेतात, असं प्रयोगांत दिसलं आहे.

दुसरा भाग हीम मोडण्याचा. हीम ऑक्सिजनेज-१ अनेक गाठींमध्ये वाढलेलं सापडतं. किमो किंवा रेडिएशनचा मारा झाला की पेशी ते आणखी वाढवते, कारण त्यातून निघणारं बिलिरुबिन आणि कार्बन मोनॉक्साइड पेशीला मरणापासून वाचवायला मदत करतात. पण हेच एंझाइम लोहही सोडतं. मोकळं लोह फार झालं तर पेशीच्या चरबीच्या पडद्याला जणू गंज चढतो आणि पेशी मरते. २०१२ मध्ये या मरणाला फेरोप्टोसिस असं नाव मिळालं. एकच एंझाइम एका ठिकाणी ढाल होतं आणि दुसऱ्या ठिकाणी विष. म्हणून ‘हीम वाईट’ किंवा ‘लोह वाईट’ असं सरसकट कुणी सांगितलं तर मान डोलावू नका.

मग हीम बंद पाडणारं कॅन्सरचं औषध आहे का?

रोजच्या उपचारात नाही. प्रयोगशाळेत कल्पना बऱ्याच आहेत. फ्युमरेट हायड्रेटेज हे एंझाइम बिघडलेला किडनीचा एक आनुवंशिक कॅन्सर आहे. त्याच्या पेशी हीम बनवणं-मोडणं या वाटेवर इतक्या अवलंबून असतात की ती अडवली तर त्या मरतात आणि निरोगी पेशी तगतात. हे २०११ मध्ये दाखवलं गेलं. २०१९ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरबद्दल आणखी एक गोष्ट पुढे आली: पेशीत मोकळं हीम कमी झालं की बाख-१ नावाचं प्रथिन टिकून राहतं आणि गाठ पसरायला हातभार लावतं. म्हणजे इथे हीम कमी होणंच घातक ठरतं. हे सगळं उंदरांच्या आणि पेशींच्या पातळीवरचं काम आहे. त्यावरून घरी लोहाची गोळी सुरू करू नका आणि चालू असलेली बंदही करू नका.

एचबी ८ आलंय. लोहाच्या गोळ्या सुरू करू का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत जास्त चुकणारा प्रश्न हाच. ‘एचबी कसं वाढवू’ याच्या आधी ‘ते कशाने उतरलं’ हे विचारा. कॅन्सरमध्ये कारणं साधारण चार:

रक्त जातंय. आतड्याच्या, विशेषतः उजव्या बाजूच्या, गाठीतून महिनोन्‌महिने थोडं थोडं रक्त जातं. पोट दुखत नाही, संडास लाल दिसत नाही. पन्नाशीतल्या पुरुषाला लोहाची कमतरता निघाली तर गोळ्या देऊन घरी पाठवणं ही चूक आहे. एंडोस्कोपी आणि कोलोनोस्कोपीचा विचार व्हायलाच हवा.

लोह आहे, पण अडकलंय. गाठीमुळे शरीरात आतून दाह, म्हणजे सूज, राहते, लिव्हर हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं आणि भक्षक पेशींतून लोह बाहेर पडायची दारं बंद होतात. रोजचे ते २०-२५ मिलिग्रॅम तिथेच अडकून पडतात. आतड्यातून शोषण करणारं दारही तेच, त्यामुळे गोळी पोटात जाते आणि काळ्या संडासातून निघून जाते.

किमोने हाडातला मगज दबलाय, किंवा सिसप्लॅटिन या किमोच्या औषधाने किडनीला त्रास होऊन तिथे बनणारं, तांबड्या पेशी वाढवणारं एरिथ्रोपोएटिन (ईपीओ) कमी पडलंय.

चौथं कारण म्हणजे बी-१२ किंवा फोलेटची कमतरता. हे सहज तपासता येतं, तरी राहून जातं.

म्हणून फक्त सीबीसीवर, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीवर, थांबू नका. फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून वाहून नेलं जाणारं लोह दाखवणारं) दोन्ही मागा. सूज असली की फेरिटिन खोटं वाढतं. एरवी ८० फेरिटिन ठीक वाटेल, पण कॅन्सरमध्ये मिलीलिटरला १०० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर लोह कमी आहे असंच धरतात. फेरिटिन १०० च्या वर आणि सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल तर लोह अडकलेलं आहे.

गोळी द्यायचीच ठरली तर दिवसातून एकदा किंवा एक दिवसाआड. एक मात्रा घेतली की पुढचे साधारण २४ तास हेप्सिडिन चढलेलं असतं, त्यामुळे दिवसात तीन गोळ्या घेऊन तिप्पट लोह मिळत नाही, बद्धकोष्ठ मात्र नक्की मिळतं. चहा आणि गोळीत दोन तासांचं अंतर ठेवा. कॅल्शियमच्या गोळीचंही तेच. पॅन्टोप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण आम्ल कमी झालं की लोह कमी शोषलं जातं.

लोहाचं सलाईन किती लागतं?

ठरलेलं सूत्र आहे: वजन × (हवं असलेलं एचबी − आत्ताचं एचबी) × २.४ + ५००. वजन ५० किलो, एचबी ८ आणि लक्ष्य १५ धरलं तर ५० × ७ × २.४ म्हणजे ८४०, अधिक साठ्यासाठी ५००, असे १३४० मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोज एका वेळी २०० देतात, म्हणजे सात खेपा. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका बैठकीत १००० पर्यंत जातं, म्हणजे दोन खेपा. खानापूरच्या आतल्या गावातून येणाऱ्याला बसभाडं आणि बुडालेली मजुरी धरली तर महागडी बाटली कधी कधी स्वस्त पडते.

यात बिघडतं काय? सुई शिरेबाहेर गेली तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो महिनोन्‌महिने राहतो. जळजळ सुरू झाली की लगेच सिस्टरांना हाक मारा, ‘संपतच आलंय’ म्हणून सोसू नका. कार्बोक्सिमाल्टोजनंतर फॉस्फेट उतरू शकतं. एचबी वाढलंय तरी थकवा आणि हाडदुखी वाढली तर ते तपासा. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना लोह शिरेतून देत नाहीत. हृदयाला त्रास देणाऱ्या किमोच्या दिवशीही टाळतात.

आणि रक्त चढवणं?

एचबी ७-८ च्या खाली गेलं किंवा धाप, छातीत दुखणं असेल तर रक्तच लागतं. एका पिशवीने एचबी साधारण १ ने वाढतं आणि २०० ते २५० मिलिग्रॅम लोह आत जातं. हे लोह शरीर सहज बाहेर टाकू शकत नाही, म्हणून ब्लड कॅन्सरमध्ये वीस-पंचवीस पिशव्या झाल्यावर फेरिटिन हजारांत दिसतं.

एचबी वाढवणारं ईपीओचं इंजेक्शन का देत नाहीत?

ते देतात, पण मोजक्या रुग्णांना: किमो चालू आहे, एचबी १० च्या खाली आहे आणि उपचार आजार पूर्ण बरा करण्यासाठी नसून ताब्यात ठेवण्यासाठी आहे, अशांना. त्याने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनसोबत ते दिलं, तेव्हा एचबी वाढलं पण गाठीवरचा ताबा कमी झाला, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. तंबाखूमुळे तोंडाचे आणि घशाचे कॅन्सर पाहणाऱ्या आपल्या भागासाठी हा धडा महत्त्वाचा आहे. आकडा सुधारला म्हणजे माणूस सुधारला असं नाही.

बीट, डाळिंब, गव्हांकुराचा रस?

बीटचा लाल रंग बीटालेनचा, हीमचा नव्हे. खायला हरकत नाही, पण लघवी लाल झाली तर घाबरू नका आणि डॉक्टरांना बीट खाल्ल्याचं सांगा.

गव्हांकुराला ‘हिरवं रक्त’ म्हणून विकतात. हरितद्रव्याचं कडं हीमच्या कड्यासारखं दिसतं हे खरं, पण त्याच्या मधोमध मॅग्नेशियम असतं. आपलं शरीर ते काढून तिथे लोह बसवत नाही. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना कच्चा, न शिजवलेला रस जंतूंमुळे घातक ठरू शकतो. नाचणीची आंबील, जोंधळ्याची भाकरी, उकडलेली अंडी, शेंगदाण्याची चटणी हे जास्त भरवशाचं.

मटण बंद करावं का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्यांत, टाकलं. लाल मांसाला त्याखालच्या ‘बहुधा’ गटात. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाणाऱ्यात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. हा मूळच्या धोक्यात झालेली वाढ दाखवणारा आकडा आहे. शंभरातल्या अठरांना कॅन्सर होतो असा त्याचा अर्थ नाही.

हीमचा संबंध असा: न पचलेलं हीम मोठ्या आतड्यात पोचतं, तिथे नायट्रोसो संयुगं तयार व्हायला मदत करतं आणि आतड्याच्या अस्तराला डिवचतं. बकरं आणि मेंढी दोन्ही लाल मांसात येतात. रक्ती आणि कलेजीत हीम भरपूर. कोंबडी आणि मासे या यादीत नाहीत. गोव्याहून आणलेली चोरिसाची (डुकराच्या मांसाच्या सॉसेजची) माळ मात्र प्रक्रिया केलेल्या मांसातच मोडते.

शिजवलेलं लाल मांस आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवा असा सल्ला आहे. रविवारचा एक तांबडा रस्सा त्यात बसतो. आणि किमो चालू असलेल्या, वजन उतरत चाललेल्या माणसाच्या ताटातून मटण काढून त्याला पेज देत बसणं, यात त्याचं नुकसानच जास्त.

‘लाइट’ने कॅन्सर बरा होतो म्हणतात. ते हेच का?

इथे घोळ शब्दाचा आहे. आपल्याकडे रेडिएशनला ‘लाइट’ म्हणतात, कुणी ‘करंट’ म्हणतं. पण तिथे कुठलाही दिसणारा उजेड नसतो, एक्स-रे असतात. खऱ्या उजेडाचा उपचार वेगळा आहे. त्याचं नाव फोटोडायनॅमिक थेरपी, आणि त्यातला एक प्रकार थेट हीमच्या कारखान्यावर चालतो.

एएलए बाहेरून दिलं की पेशी त्याचं प्रोटोपॉर्फिरीन बनवते. निरोगी पेशी त्यात लगेच लोह बसवून हीम करते. बऱ्याच कॅन्सर पेशींत फेरोकिलाटेज कमी पडतं, त्यामुळे लोह नसलेलं प्रोटोपॉर्फिरीन तिथे साचतं. त्यावर निळा उजेड टाकला तर ते गुलाबी-लाल चमकतं. योग्य तरंगलांबीचा उजेड पुरेसा वेळ दिला तर ते ऑक्सिजनला भडकवतं आणि पेशी मरते. उजेड, औषध आणि ऑक्सिजन, तिन्ही एका जागी हवेत. लाल उजेडही ५ ते १० मिलिमीटरच्या पलीकडे फारसा पोचत नाही. म्हणून कातडीवरचे पातळ डाग, मूत्राशयाचं अस्तर, श्वासनलिका आणि अन्ननलिका इथे तो चालतो. लिव्हरमधल्या मोठ्या गाठीवर नाही. पसरलेल्या कॅन्सरला ‘लाइट थेरपीने मुळापासून बरं करतो’ असं कुणी म्हणालं तर पाकीट खिशातच ठेवा.

मेंदूच्या ऑपरेशनआधी प्यायला देतात ते काय?

तेच एएलए. मात्रा किलोला २० मिलिग्रॅम. दीड ग्रॅमची बाटली ५० मिली पाण्यात विरघळवली की दर मिलीत ३० मिलिग्रॅम होतात. ५० किलोच्या रुग्णाला १००० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ३३ मिली. भूल देण्याच्या साधारण तीन तास आधी. मग सर्जन सूक्ष्मदर्शकाचा निळा उजेड लावतात आणि साध्या उजेडात निरोगी मेंदूसारखीच दिसणारी ग्लायोमाची (मेंदूतल्या गाठीची) कड लालसर चमकते. जर्मनीतल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने ६५ टक्के रुग्णांत स्कॅनवर दिसणारी गाठ पूर्ण निघाली. साध्या उजेडात हे प्रमाण ३६ टक्के होतं.

चुकतं कुठे? वरून रक्ताचा थर आला तर चमक झाकते. सुजेच्या जागाही थोड्या चमकू शकतात. कमी दर्जाच्या (हळू वाढणाऱ्या) गाठी बऱ्याचदा चमकतच नाहीत. पॉर्फिरिया (हीम बनवण्याच्या वाटेतच बिघाड असलेला आजार) असलेल्याला हे औषध देत नाहीत.

उजेडाच्या औषधानंतर ऊन किती दिवस टाळायचं?

एएलए पोटातून घेतलं तर २४ ते ४८ तास. पॉर्फिमर सोडियम हे उजेडाच्या उपचाराचं दुसरं औषध शिरेतून घेतलं (किलोला २ मिलिग्रॅम, मग ४० ते ५० तासांनी ६३० नॅनोमीटरचा लेसर) तर किमान ३० दिवस, काहींना तीन महिन्यांपर्यंत.

लोक इथे सनस्क्रीन लावून बाहेर पडतात आणि भाजतात. सनस्क्रीन मुख्यतः अतिनील किरण अडवतं. हे औषध दिसणाऱ्या उजेडानेच पेटतं, आणि तो खिडकीच्या काचेतून सरळ आत येतो. बेळगाव-कोल्हापूर बसमध्ये खिडकीची सीट नको. जाड, गडद, लांब बाह्यांचे कपडे, हातमोजे, टोपी, काळा गॉगल हवा. पातळ पांढरा सुती सदरा पुरत नाही. पावसाळ्यातलं ढगाळ आकाशही पूर्ण सुरक्षित नाही. दाताच्या डॉक्टरांकडच्या दिव्याचंही लक्षात ठेवा.

पण घर काळोखं करून बसू नका. खोलीतला साधा उजेड कातडीतलं औषध हळूहळू निकामी करतो. ३० दिवसांनी चाचणी करा: कागदी पिशवीला दोन इंचाचं भोक पाडा, हात आत घाला आणि त्या भोकावर १० मिनिटं ऊन घ्या. २४ तासांत लाली, सूज, फोड आले तर आणखी दोन आठवडे थांबा आणि पुन्हा पाहा.

बिलिरुबिन थोडं वाढलेलं असतं. किमोला अडचण?

कुठली किमो त्यावर अवलंबून. बिलिरुबिन बाहेर टाकायच्या आधी लिव्हर त्याला यूजीटी-१ए-१ या एंझाइमने साखर जोडतं. गिल्बर्ट सिंड्रोममध्ये हे एंझाइम मंद असतं. उपाशी राहिलं की डोळे पिवळसर होतात, बाकी तब्येत ठणठणीत. पण आतड्याच्या कॅन्सरला देतात ते इरिनोटिकॅन याच एंझाइमने निष्प्रभ होतं. एंझाइम मंद असेल तर जोरदार जुलाब होतात आणि पांढऱ्या पेशी कोसळतात. लहानपणापासून ‘थोडी कावीळ’ असेल तर किमोआधी सांगा. जनुकाची तपासणी होते आणि सुरुवातीची मात्रा कमी करता येते.

बिडी सोडायला आता काय अर्थ?

निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात हा प्रश्न थट्टेने विचारला जातो. उत्तर हीमचंच आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हीमला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त ताकदीने चिकटतो. एचबी १३ दिसतं, पण त्यातला काही भाग कामाचाच नसतो. बोटावरचं ऑक्सिमीटर हा फरक ओळखत नाही, ९८ दाखवतं. रेडिएशनला गाठीत ऑक्सिजन लागतो. साध्या हवेत श्वास घेत राहिलं की रक्तातलं या वायूचं प्रमाण चार ते सहा तासांत निम्म्यावर येतं, त्यामुळे ऑपरेशनआधी एक-दोन दिवस सोडली तरी फरक पडतो.

वैदूकडचं भस्म चालू आहे. सांगायला हवं?

हवंच. काही भस्मांत शिसं सापडतं. शिसं हीमच्या दुसऱ्या पायरीचं एंझाइम आणि शेवटचं फेरोकिलाटेज, दोन्ही अडवतं. मग एचबी उतरतं, पोटात कळा येतात, बद्धकोष्ठ होतं, आणि घरच्यांना वाटतं आजार वाढला. रक्तातल्या शिशाची एक तपासणी केली की उलगडा होतो. रक्ताच्या स्मिअरवर (काचेवर पसरलेल्या थेंबात) तांबड्या पेशींत निळे ठिपके दिसले तर लॅबवालेही सुचवतात.

संडासाच्या तपासणीआधी मटण का बंद करायला सांगतात?

संडासातलं न दिसणारं रक्त शोधायची जुनी ग्वायाक तपासणी हीम शोधते आणि हीम माणसाचं की बकऱ्याचं हे तिला कळत नाही. तीन दिवस लाल मांस बंद. दिवसाला २५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त व्हिटॅमिन सी घेतलं तर उलट, रक्त असूनही ती नसल्याचं सांगते. नवीन फिट तपासणी माणसाचं ग्लोबिन ओळखते, तिला पथ्य लागत नाही. लॅबमध्ये ‘फिट आहे का ग्वायाक’ एवढंच विचारा.

कोल्हापूर, मिरज, हुबळी किंवा गोव्याला दाखवायला जाताना फाइलमध्ये काय हवं?

एचबीचे सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून, कारण एका आकड्यापेक्षा उतरण जास्त सांगते. फेरिटिन, सॅच्युरेशन, बी-१२, बिलिरुबिन (थेट आणि एकूण वेगवेगळं). चढवलेल्या पिशव्यांच्या तारखा. चालू गोळ्यांची पाकिटं, भस्माच्या पुडीसकट. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. पण तुमचं गाव यादीत आहे का, कुठली कागदपत्रं चालतील आणि ते रुग्णालय योजनेत आहे का, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) फोनवर विचारून घ्या.